काचेवरचं कुंकू

“चालकाची चूक” असं लिहून मी खाली सही करावी, एवढंच साहेबांना हवं होतं. मी नाही म्हटलं. त्यानंतरचे काही दिवस मी कॉफीच्या मशीनपाशी गेले की तिथल्या लोकांना अचानक आपापली कामं आठवत.

मी गाड्यांची परीक्षा घेते. विजेवर चालणारी गाडी समोर माणूस आला की आपणहून ब्रेक लावते, पुढच्या गाडीशी अंतर राखते, आपल्या पट्ट्यात राहते. ही अक्कल गाडीत घालणारी आमची कंपनी लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात आहे. इंजिनियर मंडळी अक्कल घालतात आणि ती जागेवर आहे की नाही ते मी बघते. माझी सही झाल्याशिवाय कुठलीही गाडी आवाराबाहेर रस्त्यावर जात नाही.

अशाच एका गिरणीत माझे आजोबा कामाला होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार बरा मिळायचा, पण तिथे मागाच्या धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्यांना चालत नसे. म्हणून आजोबांनी सगळी हयात दुसऱ्या खात्यात काढली. तिथे काही बिघडलं की सगळ्यात आधी नाव यायचं ते त्यांचं. त्यामुळे आमच्या घरात एक खोड आहे. काही फुटलं की आम्ही फुटलेल्या वस्तूकडे नंतर बघतो, खापर कोणाच्या डोक्यावर चाललंय ते आधी बघतो.

भांडण रडारवरून होतं. आमच्या आधीच्या गाड्यांत दोन्ही असायचं, कॅमेरा आणि रडार. कॅमेरा काचेच्या आत, आरशामागे बसतो आणि चित्र बघतो. रडार पुढच्या बंपरमागे लपलेलं असतं. ते बघत नाही. चाळीच्या एका टोकाने हाक मारावी आणि पलीकडून ओ किती वेळात आली त्यावरून माणूस किती लांब आहे ते ओळखावं, तसं त्याचं काम. अंधार, धूर, पाऊस, ऊन, त्याला फारसा फरक पडत नाही.

खरं सांगायचं तर रडारलाही खोड्या होत्या. लालबागच्या पुलावरचे लोखंडी सांधे आले की ते दचकायचं आणि गाडी रिकाम्या रस्त्यात करकचून थांबायची. मागून मग आमच्या सात पिढ्यांचा उद्धार. साहेब म्हणाले, दोघांचं पटत नाही, तर एकालाच ठेवू. माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो ना, मग गाडीलाही डोळे पुरेत. शिवाय रडार काढलं की गाडी स्वस्त. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, “सर, माणूस नुसत्या डोळ्यांवर गाडी चालवत नाही. कानही असतात त्याला.” लोक हसले, आणि रडार काढलेली पहिली गाडी माझ्या चाचणीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

ती चालवायला माझा मित्र होता. लालबागचा, मूळ मालवणकडचा, माझ्याच वयाचा. आम्ही दोघं जवळपास एकाच वेळी कंपनीत लागलो, फरक इतकाच की मी कायम आणि तो कंत्राटी. गाडीवर त्याचा जीव. चार्जिंगची वायर लावतानासुद्धा तिला “ये गो बाय” म्हणणारा हा माणूस.

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा असते. कंप्युटरना झेंडू, सर्व्हरच्या खोलीला तोरण. गाडीची पूजा अर्थातच मित्राने केली. बंपरवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. मग हळद-कुंकू पाण्यात कालवून त्याने काचेवर वर, बरोबर मध्यभागी, बोटं ओढली. का तिथेच, असं कोणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच. गाडीचं कपाळ तेच. या शहरातल्या कुठल्याही टॅक्सीचं, टेम्पोचं कपाळ तेच असतं. आणि आमच्या कॅमेऱ्याची जागाही तीच.

नारळ साहेबांनी फोडला. कपाळाला टिळा लावून गाडीशेजारी उभे राहिले, त्यांचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर आला. त्या फोटोत काचेवरचं कुंकू चांगलं ठळक दिसतं. मी पूजेत नसते. आमच्याकडे दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन, दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर पांढरी साडी नेसून विहारात जाते. पण म्हणून मी लांब तोंड करून बसले नव्हते. मी पेढा खाल्ला आणि फोटोही मीच काढला होता.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर चाचणी होती. पूजेचं कुंकू आपल्याकडे कोणी पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जातं, तेव्हा तेही तसंच होतं. आवाराच्या मागच्या अंगणात आम्ही फोमचा पुतळा उभा केला. मित्राने त्याला स्वतःचा जुना शर्ट घातला होता. ऊन कलतं, समोरून डोळ्यात येणारं. चाचणीचा नियमच असा की चालकाने ब्रेकला पाय लावायचा नाही, गाडीने स्वतः थांबायचं. मी मागे लॅपटॉप घेऊन बसले होते.

गाडी थांबली नाही. कचरली नाही, वेगही कमी केला नाही. पुतळा बॉनेटवर आपटून बाजूला पडला. पडद्यावर पाहिलं तर चित्रात नुसता केशरी उजेड. वाळलेल्या कुंकवावर ऊन पडून ते सगळीकडे पसरलं होतं. काच पूर्ण झाकली गेली असती तर गाडीने “मला दिसत नाही” असं सांगितलं असतं. हे अर्धवट होतं. तिला वाटत होतं आपल्याला सगळं दिसतंय.

मित्र उतरला आणि आपला शर्ट घातलेला तो पुतळा उचलून उभा राहिला. “आता माका काढतले,” तो म्हणाला. “कुंकू मीच लावलंय मा?”

मी म्हटलं, “येड्या, काढतील कशाला? गाडी नापास झालीय, तू नाही.” तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस शिकलेला, आवाज कधी न चढवणारा. “हे बघ, सिंपल आहे,” ते म्हणाले. “सिस्टिम व्यवस्थित आहे. चालकाने कॅमेऱ्यासमोर बाहेरचा पदार्थ लावला, म्हणून फेल गेलं. तसं लिही, सही कर. कंत्राटदाराला सांगून आपण दुसरा माणूस घेऊ.”

“बाहेरचा पदार्थ म्हणजे कुंकू ना सर?”

“रिपोर्टमध्ये कुंकू नको लिहूस. बरं दिसत नाही.”

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई आयुष्यभर दवाखान्यात आया होती, तिथे सलाइन संपलं तरी आयाच जबाबदार. ती म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं. गाडीला दिसेना आणि दोष पोराचा.” मी म्हटलं, नाही म्हटलं तर माझंही काही खरं नाही. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “मग? सही करून त्याच्या आईसमोर कुठल्या तोंडाने जाशील?” त्याची आई आणि माझी आई एकाच भाजीवालीकडे भाजी घेतात. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मी दोन गाड्या अंगणात मागवल्या. एक ही नवी, एक जुनी रडारवाली. मित्राकडून कुंकवाची डबी घेतली, वाटीत हळद आणि पाणी कालवलं, आणि दोन्ही गाड्यांच्या कपाळावर माझ्या हाताने बोटं ओढली, त्याने ओढली होती तशीच. जुन्या गाडीलाही नवमीला माळ घातली होती, ती सुकलेली माळही बंपरवर राहू दिली. साहेबांना खाली बोलावलं. आधी तेच ऊन, तोच पुतळा, आणि नवी गाडी पुतळ्यावर गेली. मग जुनी गाडी निघाली. तिच्या कॅमेऱ्यालाही केशरी उजेडच दिसत होता, पण झेंडूच्या आडून रडारने पुतळा ओळखला आणि ती बऱ्यापैकी आधी थांबली. मित्राने स्टिअरिंगला हात जोडले. मी साहेबांकडे बघत राहिले.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकू. काचेच्या वरच्या भागावर काही लावू नये.”

“मग लांबलचक टाका सर. गणपतीत गुलाल उडू देऊ नये. रंगपंचमीला गाडी बाहेर काढू नये. परळला बांधकामांची धूळ उडत असेल तर श्वास रोखून जावं. कबुतरांनाही एक प्रत पाठवा.”

“गंमत नको.”

“गंमत नाही करत. लोक घेतील ती गाडी. शोरूममधून बाहेर काढताना पहिली पूजा तिथेच होईल, आणि कुंकू लागेल ते कपाळालाच. त्या दिवशी कोणी पुस्तक वाचणार नाही, घरचे पेढे वाटत असतील. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय.”

मग त्यांनी ते वाक्य टाकलं, ज्याची मी मनातून वाट बघत होते. आवाज तोच, शांत. “मला वाटतं यात तुझे पर्सनल व्ह्यूज येतायत. तुम्हा लोकांना पूजा आवडत नाही, हे मी समजू शकतो.”

अंगणात बाकीची टीम उभी होती. कोणी बुटांकडे बघत होतं, कोणी गिरणीच्या चिमणीकडे. आजोबांनी अशी वाक्यं गिळली होती, कारण घरात खाणारी तोंडं होती. मला गिळायची गरज नव्हती.

“सर,” मी म्हटलं, “पूजा बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. कुंकू लावू नका असं तुम्ही म्हणताय. मी पूजा करत नाही, तरी माझं म्हणणं आहे की लोकांनी हवं तिथे कुंकू लावावं आणि तरीही गाडीने माणूस ओळखावा. नारळ तुम्ही फोडलात. फोटोत टिळा तुमच्या कपाळावर आहे. आणि काढायचं कोणाला, तर ह्याला?”

मित्र मागून पुटपुटला, “जाऊ दे गो, सोड.” मी सोडलं नाही.

“एकच विचारते. तुमच्या स्वतःच्या गाडीत रडार आहे ना?”

“ते मागचं मॉडेल आहे.”

“ही बाजारात आली की ती विकून ही घ्याल? वहिनींना आणि मुलांना बसवून प्रभादेवीहून मंगळवारच्या गर्दीतून न्याल? सिद्धिविनायकासमोर नव्या गाड्या उभ्या असतात, त्यांची कपाळं बघितलीत ना?”

“तो मुद्दा नाही,” साहेब म्हणाले.

“तोच मुद्दा आहे.”

दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे राहून साहेबांनी एकदा पडलेल्या पुतळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडून रिपोर्ट मागून घेतला, मी लिहिलेला, “एकट्या कॅमेऱ्यावर ही गाडी रस्त्यावर सोडण्यास माझी परवानगी नाही” असं शेवटी लिहिलेला, आणि वाचून म्हणाले, “चालकाचा विषय वगळलाय मी यातून. बाकी वर बोलावं लागेल.”

वर अजून बोलणं चालू आहे. मला त्या प्रकल्पातून हलवलं. आता मी गाड्यांच्या वायपरची परीक्षा घेते, म्हणजे शिक्षा काय असते ते कळावं म्हणून दिलेलं काम. वायपर चांगले आहेत. रडार काढलेल्या गाडीवर दुसऱ्या कोणाला सही करायला सांगितलं, त्याने अजून केलेली नाही. त्याला मी एका शब्दानेही काही बोललेले नाही, पण तो कँटीनमध्ये माझ्याच टेबलावर येऊन बसतो.

मित्राची नोकरी टिकली. परवा त्याने मला गाठून विचारलं, “तू देव मानणस नाय. मग माझ्या कुंकवासाठी एवढा भांडलंस कित्याक?”

“कुंकवासाठी कोण भांडलं? तुझ्यासाठी भांडले.”

तो म्हणाला, “पुढच्या नवमीक काच सोडून लावतलंय. उगाच तुका त्रास नको.”

त्याने हे चांगल्या मनाने म्हटलं, पण मला राग आला, साहेबांचा आला नव्हता एवढा. सगळे असेच एकेक बोट मागे घेत जातात, आणि मग मागे हो असं कोणाला सांगावंही लागत नाही.

“खबरदार,” मी म्हटलं. “लावशील तर कपाळालाच लाव. बघायचं काम गाडीचं आहे.”