कानपिळी

बहिणीच्या लग्नात शंतनुला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे नवरदेवाचा कान. वधूच्या भावाने कान पिळायचा, नवरदेवाने कळवळल्याचं सोंग करायचं आणि भावाच्या हातात कापड ठेवायचं, एवढाच तो विधी. पण तेवढ्या वेळापुरते तरी आपण नुसते भाऊ असू, प्रतिमाताईचे धाकटे, खोडकर भाऊ, म्हणून तो महिनोन्‌महिने वाट पाहत होता.

कारण धाकटेपण त्याच्याकडून केव्हाच सुटलं होतं. त्र्याण्णव साली वडील विमानांच्या कारखान्यात नोकरीवर असतानाच गेले आणि त्यांच्या जागी शंतनु लागला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, रविवारी ब्रिगेड रोडवर मित्रांबरोबर उगाच भटकायचं वय. कारखान्याची बस पहाटे जयनगरच्या नाक्यावर यायची. वडिलांच्या दोस्तांनी पहिल्याच दिवशी त्याला वडिलांची खिडकी दिली. प्रेमानेच दिली, पण पोराला त्या दिवशी मागच्या बाकावर बसून जरा रडू द्यावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही.

ताईसाठी स्थळं पाहणं, नकार पचवणं, तेही त्याच्याच गळ्यात पडलं. शेवटी पुण्याचं स्थळ जमलं आणि शहाण्णवच्या मे महिन्यात मल्लेश्वरमच्या कल्याणमंटपात लग्न ठरलं.

लग्नाच्या सकाळी कानडी आचारी जयतीर्थ भट्टांनी “यजमानरे” अशी, घरच्या कर्त्याला मारतात तशी हाक मारली, तेव्हा शंतनुने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. भट्ट विचारत होते, पुण्याच्या मंडळींसाठी सारू, म्हणजे पातळ आमटी, स्वल्प गोड करू का. त्याने सरी, ठीक आहे, म्हणून मान हलवली.

कन्यादानाच्या वेळी मात्र भटजींनी त्याला बाजूला केलं. लग्न न झालेल्याला बसता येत नाही म्हणे. आई विधवा, ती आपणहूनच मागे उभी राहिली, आणि नाशिकचे पुरुषोत्तमकाका नि काकू पाटावर बसले. धावपळीला हा मोठा आणि मानाला लहान, असला न्याय. शंतनुला राग आला. तो गिळून तो विहीणबाईंना कॉफी मिळाली का ते बघायला गेला.

मग कानपिळीसाठी त्याच्या नावाचा पुकारा झाला. चांगला जोरात पीळ, असं काका म्हणाले. ताई मुंडावळ्यांआडून हसत होती. शंतनुने हसतच नवरदेवाचा कान धरला. पिळणार, तोच त्याच्या मनात आलं, याला खरंच लागलं तर? चारचौघांत अपमान वाटला आणि तो राग घरी जाऊन ताईवर निघाला तर? बोटं सैल पडली. कानाला जेमतेम हात लावून त्याने तो सोडून दिला.

भाऊ घाबरला, म्हणून लोकांनी हुर्यो केली. नवरदेव भला माणूस. त्याने आपणहून कान पुढे केला, पुन्हा पिळा म्हणाला. शंतनुचा हात काही उचलला गेला नाही. भावाला असले विचार सुचत नाहीत, ते बापाला सुचतात, हे त्याला तिथल्या तिथे कळलं आणि फार वाईट वाटलं. ताईचं हसू मात्र मावळलं होतं. तिलाही ते कळलं असावं.

संध्याकाळी पाठवणी झाली. आईच्या, काका-काकूंच्या पाया पडून ताई त्याच्यासमोर आली आणि वाकली. तो घाईने मागे सरला.

“अगं ताई, मी लहान आहे.”

“बाबांना करायचा नमस्कार राहिलाय,” ती म्हणाली. “कुणाला करू मग?”

तो जागच्या जागी उभा राहिला आणि त्याने तिला वाकू दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो व्याह्यांकडे वळला आणि त्याने हात जोडले.

“आमच्या मुलीला सांभाळून घ्या,” तो म्हणाला.