गोंगाटातला चौथा आवाज

"थांबा. थांबा जरा. हा आवाज वाक्यांना चालणार नाही."

काचेपलीकडून आमच्या विभागप्रमुख मॅडम बोलल्या. माझ्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे ते थेट डोक्यात वाजलं. सांगलीतल्या आमच्या श्रवण-तपासणी संस्थेची ध्वनिमुद्रणाची खोली. माझी बारा वाक्यं वाचून झाली होती. एकही शब्द चुकला नव्हता.

"उच्चार बरोबर आहेत हो," त्या शेजारच्या तंत्रज्ञाला म्हणाल्या. माईक चालूच होता. "पण सूर बघा ना. उसाच्या फडातून कोणी हाक मारतंय असं वाटतं."

तो हसला. मग त्यांनी मला विचारलं, "पलूसच्या ना तुम्ही? गावातल्या की वस्तीतल्या?"

"वस्तीतली."

"हं." एवढंच. पण त्या 'हं'मध्ये आमची बौद्ध वस्ती, शाळा, घर, सगळं मोजून झालं. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला गोंगाटात घेऊ."

आणि मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

हे थँक्यू आधीच लिहून टाकते. पुढचं सगळं त्यातून आलं.

आमचं काम सांगते. पुष्कळ माणसांना शांत खोलीत ऐकू येतं, पण बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर समोरच्याचं बोलणं कळत नाही. ते तपासायची चाचणी प्रत्येक भाषेत वेगळी बनवावी लागते. हेडफोनमधून एक वाक्य येतं आणि मागे चार माणसं एकदम बोलत असतात. ऐकणाऱ्यानं वाक्य परत म्हणायचं. आम्ही मराठीतली चाचणी तयार करत होतो. वाक्यं पुण्याच्या एका बाईंनी वाचली. मागच्या गोंगाटासाठी चार जण लागत होते. त्यातली चौथी मी.

"पाच मिनिटं काहीही बोला," मॅडम म्हणाल्या. "घरी बोलता तसंच. तेच हवंय."

मी घरचं बोलले. आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या एमआयडीसीत घणाच्या मशीनवर होते. तिथंच खोली घेऊन राहायचे. मी सांगितलं, "आबा शनवारी साताऱ्यासनं यायचं. यस्टीतनं उतरलं की आदी पिशवी माज्या हातात द्यायचं. मग आंगणात बसून पाय धुयाचं, तवर आय च्या ठेवायची." पाच मिनिटं कधी संपली कळलं नाही. इतकं मोकळं मी त्या इमारतीत कधीच बोलले नव्हते. संमतीपत्रावर सही केली आणि बाहेर आले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई मला 'कानाची डाक्टर' म्हणते. संस्थेनं नोकरी दिली, टेबल दिलं, पाटीवर नाव लावलं. त्या उपकाराखाली मी इतकी वाकले होते की मला माणसांचे फक्त पाय दिसायचे.

चाचणी तयार झाली. ती लोकांवर करून बघायची म्हणून पलूसला शिबिर घेतलं. गरजूंना श्रवणयंत्रं द्यायची होती, पण यंत्रं मोजकी. म्हणून नियम ठरला. ज्याला गोंगाटात निम्मीही वाक्यं कळणार नाहीत, त्याच्या कागदावर 'यंत्राचा फारसा उपयोग नाही' असा शेरा. यंत्र पुढच्या माणसाला.

दुपारी आबा आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. घणाखाली अख्खी नोकरी काढलेले त्यांचे कान. बाहेरच्या बाकावर ते कुणाला तरी सांगत होते, "आत आमची पोरगी हाय. तीच तपासती."

आत आले तेव्हा मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी मान वर केली नाही. म्हणाले, "बसा काका."

आबा खुर्चीत बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "व्हय म्याडम."

पहिलं वाक्य गेलं. 'ताईने पडद्यांना इस्त्री केली.' आबा गप्प. दुसरं गेलं. 'मावशी कुंडीतल्या गुलाबाला पाणी घालते.' आबा गप्प. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. डोळे मिटून ते सावकाश म्हणाले, "यस्टीतनं उतरलं की आदी पिशवी माज्या हातात द्यायचं."

हे मागच्या गोंगाटातलं माझंच बोलणं होतं.

"आंगणात बसून पाय धुयाचं," आबा म्हणाले. "तवर आय च्या ठेवायची."

चार आवाजांच्या कालव्यातून त्यांनी माझा आवाज वेगळा काढला होता. शब्दन् शब्द. ज्याला गोंगाटात ऐकणं म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं?

"काय म्हणतायत ते?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही मॅडम. असंबद्ध."

शून्य लिहिलं. पुढेही शून्य. खाली शेरा लिहिला, माझ्याच अक्षरात. सही केली. आबांनी कागदाची घडी खिशात घातली आणि जाताना मॅडमना नमस्कार केला. मलाही केला.

वस्तीत दोन भावांचं भांडण झालं की आबांना बोलवत. ते दोघांचं पुरतं ऐकून घ्यायचे, मगच बोलायचे. त्यांचा मान त्या ऐकून घेण्यात होता. शिबिरानंतर कुणी बोलवायला आलं की ते कागद काढून दाखवायला लागले. "दुसऱ्या कुणाला तरी बगा. मला समजंना आता. पोरीनंच लिवून दिलंय." मग बोलावणी थांबली. नंतर आबांनी घरातही विचारणं सोडलं. आम्ही हसलो की तेही हसायचे, जरा उशिरा.

मी हे दोन महिने पाहिलं. गप्प राहून पाहिलं. सुट्टीला जायची, भाकरी खायची, परत यायची.

एका रविवारी मी शेंगा फोडत बसले होते. आबा जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "त्या यंत्रात तुजाच आवाज हुता नव्हं?"

"व्हय आबा."

"मला वाटलंच. म्हणून तर त्या दुसऱ्या बाईकडं म्या ध्यानच दिलं न्हाई." मग म्हणाले, "तू समोर वळख दिली न्हाईस. म्हटलं, आतनं तरी बोलतीया."

रागावून म्हणाले असते तर मी रडले असते, मोकळी झाले असते. ते साधं सांगत होते. मला रडायचीही जागा ठेवली नाही त्यांनी.

सोमवारी मी माझा आवाज परत मागणारा अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवला. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की आवाज देणारा आपला आवाज कधीही परत मागू शकतो. ते वाक्य आजवर मीच लोकांना वाचून दाखवत आले होते.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात साताऱ्याला कामगारांचं शिबिर आहे. सगळा गोंगाट पुन्हा बनवावा लागेल. तपासण्या पुन्हा कराव्या लागतील."

"हो मॅडम. पलूसच्यासुद्धा."

"संस्थेनं तुम्हाला उभं केलं."

"ते मी विसरले नाही. पण शिबिरात ज्याला मी असंबद्ध म्हणाले, तो माझा बाप आहे. तो आमच्या घरचं बोलत होता."

त्यांनी अर्ज बाजूला सारला. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगायचं होतं."

हे त्यांचं खरं होतं. मी म्हणाले, "हो. तेव्हाच सांगायला हवं होतं."

माझा करार पुढे वाढवला नाही. साताऱ्याचं शिबिर पुढे ढकललं गेलं. आबांना अजून यंत्र मिळालेलं नाही, आणि वस्तीत त्यांना कुणी बोलवत नाही. कागदावरचं शून्य मी खोडलं, तरी ते त्यांच्या मनातून खोडता येईना. ते मी लिहिलं होतं. मॅडमनी नव्हतं लिहिलं.

आता मी स्वतःच नव्या चाचणीसाठी वाक्यं गोळा करते आहे. पलूसची, विट्याची, साताऱ्याच्या कारखान्यांच्या फाटकावरची. ती आम्ही वाचणार, आमच्याच आवाजात. आणि माझ्या तपासणीच्या कागदावर एक रकाना जास्त आहे. माणूस जे बोलला, ते त्यात जसंच्या तसं लिहायचं. तो रकाना भरल्याशिवाय मी कुणाच्या नावापुढे शून्य लिहिणार नाही. मागे कुणीही उभं असो.