कोकिळा टेकामची दोनदा झालेली चौकशी

कोकिळा नर्स झाली तेव्हा तिच्या पोडात पहिल्यांदाच कोणाच्या सरकारी नोकरीचे पेढे वाटले गेले. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मारेगावपलीकडच्या डोंगराच्या पोटातली, मोजक्याच घरांची. आदिवासींच्या राखीव जागेवर ती लागली होती, पण जातीची पडताळणी बाकी होती. आजा कधी शाळेतच गेला नव्हता, तर जुना पुरावा आणायचा कुठून? मग पडताळणी समितीनं ठरवलं, घरी जाऊनच बघू, ही बाई खरी कोलाम आहे का.

एक पोलीस अधिकारी आणि एक संशोधन अधिकारी जीपमधून आले. खाटेवर बसले. संशोधन अधिकाऱ्यांनी विचारलं, "पाण्याला तुमच्या बोलीत काय म्हणता?"

शब्द कोकिळेला येत होता. पण तो ओठांशी आला आणि तिचे हात आपसूक पाठीमागे गेले. लहानपणी आश्रमशाळेत तहान लागली म्हणून तिनं 'ईर' मागितलं होतं. अधीक्षकानं तुरीच्या काडीनं तळहातावर वळ उठवले होते. "पाणी म्हण, पाणी! जंगली कुठली!" पुढं तिचं मराठी असं काही सुधारलं की त्याच अधीक्षकानं तिला पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभं केलं. तेव्हापासून आई कोलामीत बोलायची आणि ही मराठीत उत्तर द्यायची.

"पाणीच म्हणतो," ती म्हणाली.

तिची आई पंचफुला दारातून कोलामीत ओरडली, एकामागून एक शब्द सांगत सुटली. अधिकारी म्हणाले, "आजी, तुम्हाला नाही विचारलं." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं कळंबच्या चिंतामणीचं कॅलेंडर होतं.

"देव कोणता तुमचा?"

"भीमय्यक."

"आणि भिंतीवर गणपती?" त्यांनी तिच्या इस्त्रीच्या साडीकडे बघितलं. "बाई, तुम्ही कोलाम वाटतच नाही."

निकाल आला. जमातीशी आप्तभाव सिद्ध होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. कोकिळेची नोकरी गेली. सख्ख्या बहिणीचा दावा फेटाळला म्हणून धाकट्या भावाची, रोशनचीही फाइल उघडली आणि वनरक्षकांच्या निवडयादीतून त्याचं नाव निघालं.

"दोन शब्द बोलली असतीस तं काय जीभ झडली असती?" रोशन म्हणाला. "माय सांगून राह्यली होती ना!"

"मले नाही निंगाले तोंडातून."

"तुले नाही निंगाले, अन् मी चाललो मिरच्या तोडाले." त्याच आठवड्यात तो तेलंगणात निघून गेला. परत आला तरी तिच्याशी बोलत नसे.

कोकिळेनं नागपूरच्या कोर्टात दाद मागितली. साक्षीसाठी ती पोडाच्या नायकाकडे गेली. नायक काडीनं जमीन उकरत म्हणाला, "पोरी, घरकुलं आत्ता कुठं मंजूर झाली. तुह्यासाठी उभा राह्यलो अन् साहेबानं आमचीच चौकशी लावली तं?" त्याचं चुकत होतं असंही तिला म्हणवेना.

पांढरकवड्याच्या एका खासगी दवाखान्यात ती आया म्हणून लागली. आईला जवळ आणलं. भाड्याच्या खोलीत तिनं ठरवून आईला कोलामीत हाक मारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आवाज इतका चिरकला की पंचफुलेला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती लेकीचा हात धरून रडली. हळूहळू जीभ सैल झाली. आईच्या माहेरच्या भांडणांपासून मोहाच्या फुलांपर्यंत सगळं दोघी कोलामीत बोलू लागल्या. कोर्टानं प्रकरण फेरचौकशीला परत पाठवलं, ते कळायच्या आधीच पंचफुला तापानं गेली.

या वेळी दुसरेच दोन अधिकारी आले. कोकिळा पोडातल्या चावडीत बसली आणि विचारलं ते सारं तिनं कोलामीत सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं: आई कशी गेली, तिला कुठं पुरलं, बायकांनी काय म्हणत माती दिली. चावडीबाहेर उभ्या असलेल्या बायका डोळे पुसू लागल्या.

संशोधन अधिकाऱ्यांनी आधीचा अहवाल चाळला. मग शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हाला पाण्याचा शब्दही येत नव्हता. आता एवढं सगळं? तयारी छान केलीत बाई."

आश्रमशाळेचं सांगावं असं कोकिळेला वाटलं, पण ते कोणत्या बोलीत सांगितलं तर खरं वाटेल, हे तिला कळेना.

"आईला बोलवा, त्यांचा जबाब घेऊ," त्यांच्यासोबतचा दुसरा अधिकारी म्हणाला.

"आत्ताच तं सांगतलं साहेब," चावडीत बसलेला नायक या चौकशीत पहिल्यांदाच बोलला. "तिची माय मेली."

"आम्हाला कोलामी येत नाही," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी 'आई मयत' असं लिहून घेतलं.

निकाल अजून लागलेला नाही. कोकिळा दवाखान्यात आयाचंच काम करते. डोंगराकडची एखादी कोलाम बाळंतीण आली तर तिच्याशी ती दार लोटून घेऊन कोलामीत बोलते.