हाजीच्या घरट्याखालची पन्हळ

माझ्या सासूला कुणी विचारलं, मुलं किती, तर ती सांगायची, "दोन मुलगे आणि चव्वेचाळीस खिडक्या."

खिडक्या आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या. सासूचं नाव फितनत, मी तिला आई म्हणते. त्या शाळेत ती एकोणतीस वर्षं शिपाईण होती. घंटा देणं, शेगड्या पेटवणं आणि लाकडी जमिनी धुणं ही तिची कामं. जमीन मऊ साबणानेच धुवायची, वाळूने कधीच नाही, आणि फडकं फळीच्या रेषेनेच फिरवायचं. घरात माझ्या हातून चहाचा पेला फुटला तर ती चार दिवस ऐकवायची, शाळेच्या जिन्याची एखादी पायरी करकरली, की मात्र "दमलीस होय गं?" म्हणून तिच्यावर हात फिरवायची.

शाळा उस्मानी सुलतान अब्दुलहमीदच्या काळातली. खाली घडीव दगड, वर विटांची भिंत, मधला भाग हातभर पुढे आलेला, आत शिरताच दोन्ही बाजूंनी वर जाणारा जोडजिना. खालच्या खिडक्या सरळ माथ्याच्या, वरच्या कमानीच्या. दारावरच्या लंबगोलात सुलतानाची मुद्रा होती. तुर्की प्रजासत्ताक आल्यावर ती तासून काढली. दगड गावाने बैलगाड्यांतून वाहिला होता. फितनतच्या आजोबांनी आठ गाड्या दिल्या, हे आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला पहिल्या पेल्याबरोबरच कळायचं. वरच्या दिवाणखान्यातले खांब संगमरवरी दिसतात, पण आहेत लाकडाचे, वर नुसता रंग. एका तपासनिसाने वहीत 'संगमरवर' लिहिलं, तेव्हा आईने खांबावर बोटांनी टकटक केली. "ऐका साहेब, दगड असा बोलतो का?"

त्याच दिवाणखान्याच्या लाकडी छताला मधोमध सोळा टोकांचा तारा आहे. पहिल्या महायुद्धात, चनाक्कलेच्या लढाईत, शाळेचं इस्पितळ झालं होतं आणि तिचे वडील मांडीत गोळी घेऊन अडीच महिने त्या ताऱ्याखाली पडून होते. टोकं मोजत मोजत दुखणं काढलं, असं ते सांगायचे.

ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी दुरमुश आला. तीन हिवाळ्यांत दिवाणखान्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ओल धरली, डाग सरकत सरकत ताऱ्यापाशी पोचला. चौथ्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, राजधानीहून तैफुर बेय, म्हणजे तैफुर साहेब, नावाचे तरुण इंजिनिअर आले. त्यांनी कोपऱ्याखाली खड्डा खणून पाहिलं आणि सांगितलं की जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंय, पाया गेलाय. हेडमास्तरांच्या खोलीत पाच मजली सिमेंटच्या इमारतीचा नकाशा टांगला गेला. मार्चअखेर शेवटची पाहणी, मग पाडकाम.

त्या हिवाळ्यात आई अर्धीच जेवायची. टोमणेसुद्धा कमी झाले, तेव्हा मी घाबरले.

पाहणीच्या आदल्या दिवशी पाऊस लागला. आई बाजारातून चिंब होऊन आली, पण डोळे चमकत होते. मी पोळपाटावर कणीक लाटत होते.

"सूनबाई, शाळेला पावसाचे नळ किती?"

"चार. प्रत्येक कोपऱ्याला एक."

"तीन धो धो वाहतायत. उत्तरेचा कोरडा ठणठणीत."

"तो तसाच असतो आता. मुलं त्याला रोजेदार म्हणतात. तोंडात थेंब घेत नाही ना!"

"आणि हे तू मला आज सांगतेस? तीन वर्षं नुसती तोंड उघडून लाटतेस काय?"

टोमणा आला. माझा जीव भांड्यात पडला.

तिने तशीच दुरमुशला बोलावून घेतलं. उत्तरेच्या कोपऱ्यावर, छपराच्या कठड्यावर करकोच्यांचं घरटं आहे. थंडी आली की ते दक्षिणेला, मक्केच्या दिशेने जातात, म्हणून गावात त्यांना हाजी म्हणतात. हाजीच्या घरट्याला कुणी बोट लावत नाही, लावलं तर घर बसतं.

"दुरमुश, हाजी गेल्यावर दर सप्टेंबरात घरट्याखालची पन्हळ साफ करायची, असं मी तुला सांगितलं होतं ना?"

दुरमुशने टोपी काढली. "मावशी, सांगितलं होतंत. पण पहिल्या वर्षी बायकोला दिवस होते. दुसऱ्या वर्षीही होते."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तेव्हाही होते."

"तुझं घर वाढलं, माझं पडायला आलं!"

आमच्या शाळेचं छप्पर रस्त्यावरून दिसत नाही. पुढे दगडी कठडा आहे आणि त्याच्यामागे, कौलांच्या पायथ्याशी, शिशाचा पत्रा लावलेली पन्हळ लपवली आहे. कौलं बदलणारे गवंडी आले तेसुद्धा घरट्याच्या चार हात अलीकडेच थांबले होते. त्याच्याखाली आजवर वाकली होती ती एकटी फितनत.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. तैफुर बेय कागद घेऊन दारात उभे होते. आई माझी कणीक कापायची पितळी पट्टी कमरेला खोचून समोर गेली. मी मागे.

"बाळा, तू खाली खणलंस. आता माझ्याबरोबर वर चल."

"मावशी, सगळं मोजून झालंय."

"वरचं?"

"वर काय आहे?"

"चल म्हणजे दिसेल. की पासष्ट वर्षांच्या बाईच्या मागे शिडी चढायला लाज वाटते?"

आजूबाजूची पोरं हसली. तैफुर बेय शिडी चढले. माळ्यावरच्या झरोक्यातून आम्ही तिघं कौलांवर आलो. हाजी दोनच दिवसांपूर्वी परतला होता, एका पायावर उभा. आम्हाला पाहून त्याने चोच खडाखडा वाजवली.

"सलाम हाजी," आई म्हणाली. "तुझ्या घराला हात लावत नाही. मी माझ्या घराला लावतेय."

ती गुडघ्यांवर बसून कठड्यालगत सरकली. पन्हळीत पोटरीभर काळं पाणी साचलेलं. तिने बाही वर केली, खांद्यापर्यंत हात घातला आणि नळाच्या तोंडातून एकेक काढायला लागली. काटक्या, चिखल, पिसं, कुणाचा तरी लोकरी मोजा, अक्रोडाच्या पानांचा लगदा. पट्टीने खरवडलं, पुन्हा हात घातला.  मग तैफुर बेयनी कागद कौलाखाली दाबून ठेवले, कोट काढला आणि तिच्या शेजारी बसले.

शेवटचा गोळा दोघांनी मिळून ओढला. पाणी गरगर फिरलं, नळाच्या घशातून आवाज आला, आणि खालून पोरांची आरोळी उठली, "रोजेदाराने रोजा सोडला!"

पन्हळ रिकामी झाली तशी शिशाच्या पत्र्याची वीतभर उसवलेली शिवण दिसली, अगदी दिवाणखान्याच्या कोपऱ्याच्या वर. तैफुर बेयनी तीत बोट घातलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

"पाणी खालून चढत नव्हतं," ते म्हणाले. "वरून उतरत होतं. पाया ठीक असणार. मावशी, मला आधी का नाही सांगितलंत?"

"मलाच काल कळलं. आणि तू विचारलं होतंस कुणाला?"

त्यांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ निघाला. तिथेच कौलांवर बसून त्यांनी 'पाडणे' हा शब्द खोडला आणि 'दुरुस्ती' लिहिलं. पुढे सिमेंटची इमारत झाली, पण ओढ्यापलीकडे. नकाशा मात्र बरेच दिवस हेडमास्तरांच्या भिंतीवर होता, काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाली उतरल्यावर आई घरी निघाली नाही. चिखलाच्या हातांनी दिवाणखान्यात गेली आणि सगळ्यांदेखत जमिनीवर उताणी झोपली. मी घाबरून धावले, तर ती ओठ हलवून मोजत होती. तैफुर बेय दारात कोट हातात घेऊन उभे होते. तिचं मोजून होईपर्यंत ते हलले नाहीत.

"सोळाच्या सोळा आहेत," ती म्हणाली. "दोन टोकांना डाग पडलाय, निघेल तो." मग मान वळवून तिने दुरमुशकडे पाहिलं. "उभा काय राहिलास? शिडी आण. आणि मऊ साबण. वाळू आणलीस तर बघ."