मनोरा हलता कामा नये

मनोऱ्याखालच्या काकू दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघत आणि मगच आत घेत. शेजारणीनं विचारपूस केली तर हिला काय हवंय, आणि नाही केली तर ही काय लपवतेय, असं त्यांचं चाले. घड्याळाच्या जुन्या दगडी मनोऱ्याच्या पायथ्याशी त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवरा गेल्यावर घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांच्याकडे आलं, म्हणून खोल्याही राहिल्या. सोबतीला नणंद. तिच्यावरही काकूंचा डोळा असे, कारण तिच्या बहिणीनं नवा फ्लॅट घेतला होता आणि ‘ये राहायला’ असं तिचं टुमणं सुरू होतं.

त्यामुळे इंजिनिअरबाई आल्या आल्या नणंदेनं चहा टाकला, तोही काकूंना खटकला.

“मनोरा कितपत मजबूत आहे ते तपासायचंय,” बाई म्हणाल्या. प्रत्येक मजल्यावर त्यांनी साबणाच्या वडीएवढी एकेक डबी चिकटवली. मनोऱ्याची थरथर आठवडाभर त्यात नोंदली जाणार होती. कमकुवत निघाला तर खोल्या रिकाम्या.

“थरथर मोजणार म्हणे,” बाई गेल्यावर काकू कुजबुजल्या. “म्हणजे हलला की आपण रस्त्यावर. वन्सं, आजपासून मिक्सर बंद!”

मिक्सर बंद झाला. जिन्यावर अनवाणी जायचं ठरलं. नणंदेला शिंक आली तरी काकू छताकडे बघत. शेवटी त्या वर चढल्या आणि घंटेच्या हातोड्याला जुनी दुलई गुंडाळून आल्या. आता तासाला वर नुसतं धप्प व्हायचं.

“काकू, घड्याळाचा घसा बसला का?” समोरच्या चष्मेवाल्यानं विचारलं.

“हवा बदललीय,” काकू म्हणाल्या, आणि याला कुणी विचारायला लावलं असेल, याचा दुपारभर विचार करत बसल्या.

आठवड्यानं इंजिनिअरबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. कपाळाला आठ्या होत्या.

“काहीच धड नोंदलं गेलं नाही. वारा पडलेला, ते ठीक. पण घंटेचाही मागमूस नाही?”

“आमचा मनोरा शांत आहे.”

“शांत मनोरा नसतो, काकू. उंच बांधकाम हलतंच. ते कसं हलतं, ते मला बघायचंय. दगड सैल झाले की झोके संथ होतात. मागच्या तपासणीशी ताडून बघायचं, एवढंच. पण झोकाच सापडला नाही तर ‘खात्री देता येत नाही’ असं लिहावं लागेल. मग खोल्या आधी रिकाम्या करायला लावतील.” बाईंनी वर बोट केलं. “ती दुलई काढता का?”

काकूंनी नणंदेकडे पाहिलं. नणंद चहाची गाळणी घासत होती, आधीच लख्ख असलेली.

“घाई झाली वाटतं बहिणीकडे जायची?”

“कुणाला जायचंय?” नणंदेनं गाळणी आपटली. “तिथं तिच्या सुनेला विचारून चहा पिऊ? काल या बाईंनी फोनवर विचारलं, वर काय बिघडलंय, तर मी सांगून टाकलं. वहिनी, तुझ्या त्या शांततेपायी दोघी बाहेर पडलो असतो!”

नणंदेला इथंच राहायचंय, हे काकूंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण बाईंचं काय? हा डाव असला तर? मनोरा खरंच सैल झाला असला, तर दुलई काढणं म्हणजे आपल्याच हातानं पुरावा देणं. न काढावी तरी घर जाणारच.

त्या वर गेल्या. दुलई सोडली, हातोडा हातानं ओढला आणि घंटेवर एकामागून एक ठोके घातले. तळव्यांखाली दगड गुणगुणला. आयुष्यभर तो असाच गुणगुणत आला होता, पण आज त्यांना त्याचाही संशय आला.

खाली आल्या तर नणंद हसत होती.

“मागच्यासारखेच झोके आहेत,” बाई म्हणाल्या. “राहा खुशाल.”

काकूंनी एकदा बाईंकडे, एकदा नणंदेकडे बघितलं.

“मी वर असताना बघितलंत होय?” त्यांनी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बैठक मारली. “वन्सं, आता तुम्ही वर जा. परत वाजवा. मी इथं बसून बघते.”