मुंबई तीन बोटं

हुबळीहून कुठल्याही शहराला विमानानं किती वेळ लागतो, हे स्वतः जन्मात विमानात न बसता सांगणारा माणूस मी एकच पाहिला. देशपांडे नगरात आमच्या समोर राहणारे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याजवळ नकाशांचं एक फाटकं पुस्तक आणि एक पांढरा दोरा होता. दोन गावांवर दोरा ताणायचा, बोटांनी मोजायचा आणि त्यावरून वेळ सांगायचा. मुंबई तीन बोटं, पुणं सव्वादोन, दिल्ली नऊच्या थोडी वर. शेजारच्या लेकीच्या लग्नात तिची आई रडायला लागली, तर हे पंगतीतून उठून म्हणाले, "अक्का, रडता कशाला? सासर सव्वादोन बोटांवर आहे की!" त्या माउलीला काय कळलं कोण जाणे, पण ती रडायची थांबली.

कुणी प्रवासाला निघालं की मास्तरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरातनं किती वाजता निघतोस?" त्यांच्या हिशेबात प्रवास दाराला कुलूप लावल्यापासून सुरू व्हायचा. कुलूप नीट लागलंय का ते बघायला परत येणं, याचीही सात मिनिटं ते धरत. स्वतः मात्र कोप्पीकर रोडवर भाजीला गेले की दोन तास गायब. विचारलं तर म्हणत, "विमानानं अर्धं मिनिट रे, पण वाटेत ओळखीचे फार."

एका दुपारी माझ्या बहिणीचा मुंबईहून फोन आला. वडिलांना, आमच्या अप्पांना, इस्पितळात नेलं होतं. त्या दिवशीचं विमान गेलेलं, पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी. मी म्हटलं, उद्याच्या विमानानं जातो, तासाभराचा तर प्रश्न. मास्तरांनाही विमानाचंच वेड, ते खूश होतील असं वाटलं. ते तर भडकले.

"तास विमानाला लागतोय, तुला नाही! विमान उद्या निघेपर्यंत तू इथंच. बस आज सहाला आहे. सुम्मने, उगाच बसू नको, तम्मा. ऊठ!"

माझी पिशवी त्यांनीच भरली आणि स्टँडवर येऊन मला बसमध्ये अक्षरशः ढकललं. मी वाटभर त्यांच्यावर चिडलेला. मुंबईत पिशवी उघडली तर त्यात तीन शर्ट, पँट एकही नाही, आणि मास्तरांचा चष्मा.

सकाळी आठला मी अप्पांच्या उशाशी होतो. त्यांनी मला ओळखलं. "जेवलास काय?" एवढं विचारलं आणि माझा हात धरून ठेवला. दहाच्या सुमारास तो हात सैल झाला. दुपारी हुबळीहून विमान निघालं तेव्हा अप्पा नव्हते.

ते दोन तास मला मास्तरांनी दिले. परतल्यावर चष्मा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता मुलानं त्यांना दिल्लीला नेलंय. जाताना पुस्तक आणि दोरा माझ्याकडे ठेवून गेले. त्यांची तब्येत बरी नाही असं कळलं, तेव्हा मी दोरा ताणून पाहिला. नऊच्या थोडी वर, त्यांचं माप बरोबर होतं. लगेच तिकीट काढलं आणि फोन करून सांगितलं, "मास्तर, विमानानं येतोय, अडीच तासांत."

पलीकडून बारीक आवाज आला, "ते असू दे रे. घरातनं किती वाजता निघतोस?"

"निघालोय," मी म्हटलं आणि दाराला कुलूप लावलं.