अण्णामामांची दाढ

आमचे अण्णामामा केस कापायला गेले की खुर्चीत बसायच्या आधीच पुकारा करायचे, "वस्तरा न्हाय, मशीन लाव! माझं रक्त एकदा भायेर पडलं की परत घराकडं बघत न्हाय." एसटीत शेजारी कुणी विळा घेऊन बसलं तर त्यालाही ऐकवायचे, "पावणं, विळा तिकडं धरा की. मला लागलं तर तुमचा दिवस जाईल." त्यांना हिमोफिलिया होता. रक्त गोठायचं नाही. लोक असले आजार झाकतात. मामांनी तो पदवीसारखा मिरवला.

आवाजही तसाच. मार्केट यार्डात ते गुळाचे सौदे पुकारायचे आणि घरात त्याच पट्टीत बोलायचे. त्यांनी चहा मागितला की शेजारीण उठून गॅस पेटवायची. समोरच्याचं वाक्य पुरं होईतो थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

अशा माणसाची दाढ किडली. लहानपणी दुधाचा दात पडला तेव्हा कित्येक दिवस उशी लाल होत होती, हे माझी आई अजून सांगते. म्हणून मामा लवंग दाबून दिवस काढत राहिले. शेवटी गाल सुजला तेव्हा मी त्यांना स्कूटरवर घालून नेलं. दोन दवाखान्यांत आजाराचं नाव ऐकताच "नंतर बघू" झालं. तिसरीकडे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काका, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन आधी, मग दाढ. टाके घालू, खड्ड्यात औषधाची गादी बसवू. पुढचं काम तुमचं. थुंकायचं नाही, गरम खायचं नाही आणि बोलायचं नाही."

"आणि काय करू?" मामा गरजले. "मरू?"

दाढ छान निघाली. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरली होती, तीच जपायची. मामा पुढच्या सोप्यात तोंड मिटून बसले आणि सगळी गल्ली त्यांना न बोलता बघायला आली. एकीने हळद भरा म्हटलं, एकाने कॉफीची पूड. मामा नुसते डोळे वटारायचे. मामी शेजारी बसून त्यांना माहेरच्या, नेसरीच्या गोष्टी सांगत होती. मामांचा नाइलाज होता; ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडहून साडू आले. चहा घेतला, आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "खरं सांगू काय अण्णा? आता आपल्या गुळापेक्षा कर्नाटकी गूळच भारी."

"न्हाय!"

खिडकीची तावदानं थरथरली. त्या एका शब्दाबरोबर गाठ सुटली. ओठातून रक्ताची धार गळ्याकडे निघाली, सदरा भिजला, आणि साडू पांढरे पडून खुर्चीतच घसरले. मामी तेवढी जागची हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधात तिने जाळीदार कापडाची घडी भिजवली, जखमेवर ठेवली आणि म्हणाली, "चावून धरा. सोडू नका." मामांनी माझं मनगट धरलं. मी त्यांना तसंच उठवून स्कूटरवर बसवलं. दवाखान्यापर्यंत मागच्या सीटवरून एकही आवाज आला नाही. स्कूटर चालवताना मला त्याचीच भीती वाटत होती.

पुन्हा फॅक्टर, पुन्हा टाके. रक्त थांबलं. "झालं काय होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मामीबरोबर रिक्षाने मागून आलेल्या साडूंनी मान खाली घातली. "मी गुळाचा विषय काढला."

"मग आता घरात गुळाचं नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि तसं त्यांनी मामीला बजावलंही.

जखम भरली आणि बोलायची परवानगी मिळाली, त्या संध्याकाळी पहिला शब्द ऐकायला सगळे जमले. सौद्यावरचे दोघेतिघेही आले होते. मामी तेव्हा त्यांना आपल्या बहिणीच्या लग्नात जेवणावळीत म्हैस कशी शिरली ते सांगत होती. साडू म्हणाले, "अण्णा, बोला की आता!"

मामांनी हात वर केला. कधी ऐकला नव्हता एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "थांबा रं जरा. हिचं पुरं हुंदे."

मामीने पदराने डोळे पुसले आणि म्हैस पुन्हा दारापासून आत आणली.

मामा गेल्या वर्षी गेले. झोपेत, रक्ताचा थेंबही न सांडता.